शिंपी पक्षी आणि त्याचं घरटं: टाक्यापासून चित्रापर्यंत

शिंपी पक्ष्याचं घरटं काढायला बसलं की हात आपोआप पानाच्या कडेला धावदोरा घालू लागतो. वर-खाली, वर-खाली, उशीच्या अभ्र्याला घालावा तसा. माझ्या पहिल्या चित्रात मीही तेच केलं होतं. पक्षी बरा जमला होता, पानाचा हिरवा रंगही जमला होता, पण शिवण खोटी होती. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी चित्र हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "हा टाका तू पाहिलास का?" मी पाहिला नव्हता. शिंपी म्हणजे शिवणारच, असं गृहीत धरून मोकळी झाले होते.

म्हणून हा लेख रंगांपासून सुरू होत नाही. निसर्गचित्रणात पक्षी आणि घरटं एकाच कागदावर काढायचं तर घरटं कशाने धरून ठेवलंय हे आधी कळायला हवं. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

टाका म्हणजे नेमकं काय

शिंपिणीची चोच लांब आणि टोकदार असते. (घरटं मुख्यतः मादीच बांधते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे चित्रात लागणार आहे.) ती पानाच्या कडेजवळ चोचीने बारीक भोक पाडते, दुसऱ्या कडेला किंवा शेजारच्या पानाला तसंच भोक पाडते आणि दोन्हींतून तंतू ओढून घेते. तंतू म्हणजे कापूस, कोळ्याचं जाळं, झाडाच्या सालीचे धागे, जे मिळेल ते. बाहेर आलेलं टोक पिंजून फुलतं आणि त्या फुगीर बोंडामुळे तंतू मागे सरकत नाही. गाठ नसते. बहुतेक टाके सुटेसुटे असतात, एकेक रिबिट ठोकल्यासारखे. क्वचित एका भोकातला तंतू पुढच्या भोकात गेलेला असतो आणि तेवढ्यापुरती ती खरी शिवण वाटते. भोकं इतकी बारीक असतात की पान करपत नाही, हिरवंच राहतं.

या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ऑर्थोटोमस सुटोरियस. लॅटिनमध्ये सूटोर म्हणजे चांभार. मला हे नाव शिंप्यापेक्षा जास्त पटतं. चांभार आधी आरीने कातड्याला भोक पाडतो, मग दोरा ओवतो. शिंपिणीचं कामही असंच, फक्त आरी तिच्या चोचीतच आहे.

जुन्या जाणकारांकडूनही इथे चुका झाल्या आहेत. थॉमस पेनंट यांनी १७६९ साली 'इंडियन झूऑलॉजी'त या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन दिलं. ते कधी भारतात आले नव्हते. सिलोनचे डच गव्हर्नर राहिलेले लोटन यांच्या संग्रहातली चित्रं त्यांच्यासमोर होती. हा पक्षी वाळलेलं पान उचलून आणतो आणि जिवंत पानाला शिवतो, असं त्यांनी लिहिलं. प्रत्यक्षात पक्षी झाडावरचीच जिवंत पानं ओढून जोडतो. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्डन यांच्यासारख्या मोठ्या पक्षीतज्ज्ञांनी धाग्याला गाठ मारलेली असते असं नोंदवलं. तीही नसते. चित्र काढणाऱ्याने या दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात, कारण वाळकं पान आणि गाठ आजही चित्रांत दिसतात.

आता एक छोटा प्रयोग करा. वांग्याची किंवा जास्वंदीची दोन गळलेली पानं घ्या. कडेपासून ३–४ मिलिमीटर आत सुईने भोक पाडा. सावरीचा कापूस मिळाला तर उत्तम, नाहीतर देवाच्या वातीचा कापूस घ्या, हलका पीळ देऊन दोन्ही भोकांतून ओवा आणि बाहेरचं टोक नखाने पिंजा. असे पाच-सहा टाके घाला. पानाची कड टाक्यापाशी किंचित आत दबते, दोन टाक्यांच्या मध्ये ती जराशी फाकते आणि कापसाच्या बोंडाची छोटी सावली पानावर पडते, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडेल. ही तीन निरीक्षणं चित्रात आली तर टाका खरा वाटतो. या नमुन्याची पेन्सिलने मोठी, म्हणजे चौपट आकाराची, रेखाटनं करून ठेवा. मी अजूनही दर पावसाळ्याच्या सुरुवातीला हे करते.

घरट्याजवळ जाताना

भारतात शिंप्याचा विणीचा हंगाम मार्च ते डिसेंबर असा लांबतो, पण जोर जून ते ऑगस्ट. म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. घरटं बहुधा खालीच, कमरेच्या-छातीच्या उंचीवर, दाट पानांत असतं: परसातली वांगी, लिंबू, अंजीर, कुंडीतली मोठ्या पानांची झाडं. पानाची वरची बाजू बाहेर ठेवलेली असल्यामुळे ते पटकन दिसत नाही. आधी आवाज येतो. एवढासा जीव, वजन दहा ग्रॅमच्याही आत, पण 'टुविट-टुविट-टुविट' गल्लीभर ऐकू जातं.

घरटं सापडलं की हात लावायचा नाही, पान बाजूला सारायचं नाही, आत डोकावायचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणंही येतं. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. आपण पानं सारून केलेली फट भारद्वाजाला, सरड्याला, मांजराला वाट दाखवते. या पक्ष्याची अंडी-पिल्लं एरवीही मोठ्या प्रमाणात भक्षकांच्या तोंडी पडतात.

मी साधारण १० मीटरवर, घरट्याच्या थेट समोर नाही तर तिरकी बसते. ८×४२ ची दुर्बीण पुरते. वीस मिनिटं बसायचं आणि उठायचं. पक्षी चोचीत अळी धरून घरट्याकडे न जाता आजूबाजूच्या फांद्यांवर उड्या मारत ओरडत राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. वीस मिनिटं व्हायची वाट न पाहता मागे सरका.

वहीत पेन्सिलच वापरा, दमट कागदावर शाई फुटते. पक्ष्याचं सुंदर चित्र तिथे काढायचं नसतं, फक्त नोंदी करायच्या. पान कुठल्या झाडाचं, एक पान की दोन, टाके कोणत्या बाजूला, देठ किती वाकलाय, तोंड कुठल्या दिशेला, पक्षी आत जाताना शेपटी कशी ठेवतो. माझ्या वहीत अशा एका घरट्याची नोंद आहे: 'वांगं, दोन पानं, मोठं पान मागे, डाव्या कडेला ७ टाके दिसतात, उजवी कड दिसत नाही, वरच्या तोंडातून पांढरा कापूस अंगठ्याएवढा बाहेर.' सगळं चित्र या तीन ओळींवर उभं राहिलं.

मापं घरट्याची घ्यायची नाहीत. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावरचं तेवढंच मोठं पान निवडा आणि ते मोजा. गळलेलं ताजं पान मिळालं तर घरी आणून घरट्यासारखं वळवा आणि दोऱ्याने टांगा. घरी रंगवताना हेच तुमचं मॉडेल.

मांडणी

शिंपी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर. म्हणजे ए४ कागदावर पक्षी आणि घरटं दोन्ही मूळ आकारात आरामात बसतात. मी याबाबतीत हट्टी आहे: जे मूळ आकारात बसतं ते मूळ आकारातच काढावं. पाहणाऱ्याला पक्ष्याचा इवलेपणा मापाच्या रेषेशिवाय जाणवतो.

घरटं कागदाच्या मध्याच्या जरा डावीकडे, देठासकट आणि थोड्या फांदीसकट. पक्षी वर उजवीकडे, चोच घरट्याकडे. वांग्याची आणखी एक-दोन पानं आणि जमलं तर एखादं जांभळं फूल, म्हणजे झाडाची ओळख पटते. पार्श्वभूमी कोरी. प्रकाश वरून डावीकडून धरायचा, शास्त्रीय चित्रांचा तो जुना संकेत आहे आणि वेगवेगळी चित्रं शेजारी ठेवली की त्याचा उपयोग कळतो.

आता मादीची गोष्ट. विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब, टोकदार वाढलेली असतात आणि ती देखणी दिसत असल्यामुळे काढायचा मोह होतो. पण पक्षी चोचीत तंतू घेऊन टाका घालताना दाखवणार असाल तर ती मादी हवी, आखूड शेपटीची. लांब शेपटीचा नरच काढायचा असेल तर त्याच्या चोचीत अळी द्या. पिल्लांना दोघंही भरवतात. अंडी मात्र काढू नका. घरट्याचा पेला खोल असतो, बाहेरून अंडी दिसतच नाहीत. ती दाखवण्यासाठी घरटं उघडं पाडलेली चित्रं पाहिली की मला अस्वस्थ व्हायला होतं.

पक्ष्याचं रेखाटन

आधी तीन रेषा: अंगाचा कल, शेपटीचा कल, चोचीचा कल. शिंप्याची शेपटी बहुतेक वेळ उभी असते आणि अंगाशी जवळजवळ काटकोन करते. त्याची सगळी ऐट त्या कोनात आहे. तो कोन भीतभीत काढला की वटवट्यासारखा कुठलाही किरकोळ पक्षी तयार होतो.

अंगासाठी लिंबाएवढा अंडाकार, डोक्यासाठी त्याला चिकटलेलं छोटं वर्तुळ, मान जवळपास नाहीच. चोचीची रेषा मागे वाढवली तर ती डोळ्याच्या किंचित खालून जाते. नवशिक्यांचा डोळा नेहमी फार वर आणि फार मोठा येतो. पाय अंगाच्या मध्याखाली यायला हवेत, नाहीतर पक्षी पुढे कलंडल्यासारखा दिसतो. तीन बोटं पुढे, एक मागे, आणि फांदीला धरलेलं बोट प्रत्येक सांध्यात वाकतं.

पंख आखूड आणि गोलसर, त्यांचं टोक शेपटीच्या मुळाशीच संपतं. पंखावर पिसांचे गट दाखवा, प्रत्येक पीस नको: खांद्याची पिसं, मग आच्छादक पिसांच्या ओळी, मग लांब उड्डाणपिसं. डोक्यावर तर स्वतंत्र पिसं दिसतच नाहीत. चोचीच्या मुळापासून मागे जाणाऱ्या बारीक रेघांच्या दिशेतूनच पिसांचा भास करायचा.

संग्रहालयातला नमुना पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मुंबईतल्या संग्रहात लाखाहून अधिक नमुने आहेत, अभ्यासासाठी आधी परवानगी काढावी लागते. पिसांची रचना आणि मापं यासाठी नमुन्यासारखं काही नाही. पण चोच, पाय आणि डोळे यांचे रंग मृत्यूनंतर टिकत नाहीत. ते जिवंत पक्ष्यावरूनच टिपायचे.

कच्चं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर पक्कं करा. मागच्या बाजूला २बी पेन्सिल फासा आणि एच पेन्सिलने चित्राच्या कागदावर उतरवा. रेषा जास्त गडद झाल्या तर मळून वापरायच्या मऊ रबराने टिपून काढा, घासू नका.

कागद आणि रंग

कागद कॉटनचा, ३०० जीएसएम, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. खरबरीत कागदावर टाक्याचे तंतू तुटक येतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दमट हवेने कागदावरचं साइझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला थर) खराब होतं आणि रंग टीपकागदावर पडल्यासारखा डाग-डाग शोषला जातो. हे रंग लावल्यावरच कळतं, म्हणून कोपऱ्याच्या तुकड्यावर आधी तपासा.

ब्रश ०, २ आणि ५ नंबरचे गोल, टोक शाबूत असलेले. जलरंग मोजके पुरतात: लेमन यलो, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, थोडा पर्मनंट रोझ आणि पांढऱ्यासाठी गॉश, म्हणजे खालचा रंग झाकणारा दाट जलरंग. काळा रंग पेटीतून काढून ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हवा तसा करडा, अगदी काळ्याच्या जवळ जाणारा गडदही मिळतो आणि तो चित्रातल्या इतर रंगांशी नातं ठेवतो.

रंगवायला पानापासून सुरुवात करा. वांग्याच्या पानाची वरची बाजू चकचकीत नसते, बारीक लवेमुळे हिरवा रंग मळकट, धुरकट दिसतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनच्या हिरव्यात बर्न्ट सिएनाचा थेंब टाकला की तो बसतो. पहिला हात पातळ. पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात यालाच अर्धा तास लागतो, घाई केली तर खालचा थर उठतो. मग शिरांच्या मधले भाग एकेक करून गडद करत न्या आणि शिरा फिक्या राखा. काही जातींत मधली शीर जांभळट असते, तिथे रोझ आणि अल्ट्रामरीन. पान जिथे वळून आतली बाजू दिसते तिथे रंग फिका, करडा-हिरवा, आणि शिरा उठावदार.

घरट्याच्या तोंडाची सावली हा चित्रातला सर्वांत गडद भाग. एका फटक्यात गडद करू नका, चार-पाच पातळ थर द्या, म्हणजे आत खोली जाणवते.

पक्ष्याचं कपाळ आणि माथ्याचा पुढचा भाग तांबूस: बर्न्ट सिएना, उजेडाकडे थोडा रॉ सिएना. मागे जाताना तो करडा होत जातो, ही सीमा ओल्यात ओलं सोडून विरघळवा. पाठ ऑलिव्ह-हिरवी, पानाच्याच हिरव्यात पिवळा वाढवून मिळते. त्यामुळे पक्षी आणि झाड एकाच हवेत असल्यासारखे वाटतात. पोट पांढरट. तिथे पांढरा रंग लावायचाच नाही, कागद कोरा ठेवायचा, फक्त खालच्या बाजूला फार पातळ करडी सावली आणि कुशीला रॉ सिएनाची झाक. गळ्याच्या बाजूला गडद डाग असतो, पण तो पक्षी ओरडताना मान ताणली की दिसतो. चोच मिटलेली असेल तर तो काढू नका. पाय मांसल गुलाबी.

डोळा मी सगळ्यात शेवटी रंगवत नाही. डोके रंगवतानाच करते, कारण डोळा जिवंत झाल्यावर पुढचं काम करायला हुरूप येतो. चमकेसाठी टाचणीच्या टोकाएवढा कागद कोरा ठेवा, बुबुळाची तांबूस-पिवळसर कडी, मध्ये गडद बाहुली, वरच्या पापणीखाली जरा सावली.

टाके रंगवणं

आता तुमची मोठी रेखाटनं समोर ठेवा. प्रत्येक टाक्याचा क्रम एकच: आधी भोकाचा गडद ठिपका, मग कडेच्या दबण्याची छोटी सावली, मग तंतू, शेवटी बोंड.

हिरव्यावर पांढरे तंतू आणायला लोक मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारं, नंतर सोलून काढायचं द्रव) वापरतात. मला ते जाड तंतूंसाठी ठीक वाटतं, पण त्याची कड फार टोकदार येते आणि कापसाला टोकदार कड नसते. मी बोंडाची जागा पान रंगवतानाच कोरी ठेवते, कड ओल्या ब्रशने मऊ करते आणि मग ० नंबरच्या ब्रशने गॉशचे केसासारखे तंतू बाहेर ओढते. गॉश दुधाच्या सायीएवढं दाट हवं, पातळ झालं तर वाळल्यावर हिरव्यात बुडून जातं. कापूस शुभ्र काढू नका. सावरीच्या कापसाला किंचित पिवळट झाक असते, रुईची म्हातारी त्याहून चमकदार आणि रेशमी. सावलीच्या बाजूला फिका करडा दिलात की उजेडातले दोन-तीन तंतू पांढरे आपोआप दिसतात. सगळे टाके सारखे करू नका. एखाद्याचं बोंड मोठं, एखाद्यातून तंतू लोंबतोय, एखाद्या ठिकाणी भोक आहे पण तंतू निसटलेला. नोंदीत जेवढे दिसले तेवढेच काढा, माझ्या चित्रात सातच आहेत.

या कामाला मला पूर्ण एक दिवस लागतो, सगळ्या चित्राला २५ ते ३० तास.

चित्राखालची अक्षरं

पक्ष्याचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, नर की मादी, झाडाचं नाव, महिना आणि वर्ष, गावाचं नाव. घरट्याची नेमकी जागा लिहू नका. मूळ आकारात असेल तर तसं लिहा, नसेल तर १ सेंटिमीटरची रेघ द्या. शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिलंत तर तिरकं, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षरच मोठं. नाव देणाऱ्याचा उल्लेख करायचा असेल तर पेनंट, १७६९ हे कंसात घालतात, कारण पेनंट यांनी हा पक्षी दुसऱ्या प्रजातीत, मोटॅसिला या नावाखाली ठेवला होता आणि पुढे तो हलवला गेला.

स्कॅन ६०० डीपीआयवर करा. स्कॅनरला पोटावरची पातळ करडी सावली दिसतच नाही, ती मूळ चित्र शेजारी ठेवून जुळवून घ्यावी लागते.

आणि फिक्सेटिव्ह (चित्र टिकवणारा फवारा), फ्रेम वगैरे करण्याआधी थोडं थांबा. अंडी उबायला सुमारे १२ दिवस, त्यानंतर पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे. घरटं रिकामं झालं, दोन-चार दिवस कोणी फिरकलं नाही, की एकदा चित्र घेऊन झाडापाशी जा. आता जवळून पाहता येतं, हात न लावता. मागच्या ऑगस्टमध्ये मी अशी गेले तेव्हा पान अजून हिरवं होतं, जरासं भिजून जड झालेलं. सातपैकी दोन टाक्यांची बोंडं मी बाहेरच्या पानावर दाखवली होती, ती खरं तर आतल्या पानाच्या बाजूला होती. घरी येऊन ओल्या ब्रशने ती दोन्ही उचलली, खालचा हिरवा पुन्हा बसवला आणि योग्य जागी काढली.